एका वाराचे लुगडे

यंदा जानेवारीत आमच्या आजीच्या खुब्याचे हाड मोडले. वय ८६. नागपूरला शस्त्रक्रिया झाली आणि तिला कटंगीच्या घरी आणले. आई-बाबांच्या मदतीला कोणीतरी हवे, म्हणून मी तीन-चार महिने कटंगीतूनच काम करायचे ठरवले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. लॅपटॉप आणि बऱ्यापैकी नेट असले की माझे ऑफिस कुठेही थाटता येते. बायको आणि आठ वर्षांची मुलगी शनिवार-रविवारी नागपूरहून यायच्या.

आजीला आम्ही जन्मात कधी नऊवारी लुगड्याशिवाय पाहिले नव्हते. दवाखान्यातून ती गाऊन घालून परतली. दुसरा इलाजच नव्हता. कूस बदलायला माणूस लागत होता, तिथे लुगडे कोण नेसवणार? ती काही बोलली नाही. पण भेटायला कोणी आले की चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची आणि डोक्यावर टाकायला टॉवेल मागायची. माझ्या मुलीने पहिल्याच भेटीत बाहेर येऊन मला हळूच सांगितले, "बाबा, मोठी आजी आता मोठ्या आजीसारखी दिसतच नाही."

आमच्या घरी अक्षय तृतीयेला मुलांकडून बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. शेजारच्या छत्तीसगडात याच दिवशी पुतरा-पुतरीचे लग्न लागते, त्याचाच हा सोयरा म्हणा. मुलीने त्या लग्नाची तयारी फेब्रुवारीतच सुरू केली आणि यादीत एक नवी पाहुणी घातली: लुगडे नेसलेली मोठी आजी. मग एकटी आजी कशी येईल, म्हणून माझी आई, माझी बायको आणि ती स्वतः, अशा चार पिढ्यांच्या चार बाहुल्या ठरल्या. कपडे शिवायचे काम माझ्याकडे आले, कारण आईची पायमशीन घरात होती आणि संध्याकाळी मोकळा असा मीच होतो.

नऊ भागिले सहा

कटंगीच्या बाजारात मिळाल्या त्या बाहुल्या साधारण २९ सेंटिमीटरच्या, म्हणजे बार्बीच्या उंचीच्या. माणसाच्या सुमारे एक षष्ठांश. माझ्यासारख्याला हे गणित सोपे वाटले. नऊ वार भागिले सहा, दीड वार. पन्हा ४८ इंच धरला तर भागिले सहा, आठ इंच. दुकानातून नवे सुती कापड आणले, मापात कापले आणि बाहुलीला गुंडाळले. बाहुली गाठोड्यासारखी दिसू लागली. हात बाजूला पसरलेले, कमरेला मडक्याएवढा फुगवटा.

चूक कुठे झाली ते कळायला रात्र गेली. लांबी आणि रुंदी सहाने भागता येते, पण कापडाची जाडी कोण भागणार? समजा कापड ०.२ मिलिमीटर जाड आहे आणि पुढे बारा निऱ्या आहेत. एका निरीचे दोन पदर, म्हणजे एका जागी चोवीस पदर, जवळजवळ पाच मिलिमीटर. माणसाच्या पोटावर पाच मिलिमीटर कळतही नाहीत. पण एक षष्ठांश बाहुलीच्या पोटावर ते तीन सेंटिमीटरच्या उशीसारखे दिसतात. बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी भेटते. शिवलेल्या कपड्यात माया कमी करून, अस्तर टाळून निभावून नेता येते. नुसत्या नेसण्यावर उभ्या असलेल्या कपड्यात ती सगळी कमरेशी येऊन साठते.

मग मी पळवाट काढली. हल्ली लग्नात तयार शिवलेली नऊवारी मिळते, तशी बाहुलीची शिवली. दोन पाय, वर इलॅस्टिक, पुढे चार खोट्या निऱ्या, मागे टाका घालून कासोटा. फोटोत छान दिसत होती. मोठ्या तोऱ्यात आजीला नेऊन दाखवली. तिने बाहुली उलटी केली, मागून पाहिली आणि म्हणाली, "बाबू, हे कायचं लुगडं? हा तं पायजमा होय."

मीच बाहुली झालो

"मग तू सांग कसे करायचे," मी म्हणालो. तिने सांगायला सुरुवात केली आणि अडकली. सत्तर वर्षे रोज पहाटे अंधारात जे हात आपोआप करत आले, ते तोंडाने सांगता येईना. हवेत हात फिरवून दाखवू लागली. मला काही समजेना. शेवटी तिने आईला पेटीतले एक लुगडे काढायला लावले आणि मला पलंगापुढे उभे केले. टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीवर मी नऊवारी नेसायला लागलो.

"कमरेभोवती घे. पुढं गाठ मार. घट्ट. अजून घट्ट, पोटावर दया नको करू." मग पदराला किती सोडायचे, उरलेल्याच्या निऱ्या कशा घालायच्या, त्या दोन पायांमधून मागे नेऊन कुठे खोवायच्या. पहिल्यांदा पाय टाकला तसा आडवा झालो. दुसऱ्यांदा निऱ्या सुटल्या. तिसऱ्यांदा सगळे जागेवर बसले आणि नेमक्या त्याच वेळी आजीची विचारपूस करायला शेजारच्या काकू दारात आल्या. मला वरून खालपर्यंत पाहून त्यांनी विचारले, "मी नंतर येऊ का?" आजी इतकी हसली की आईला येऊन तिच्या पाठीमागची उशी सरळ करावी लागली.

पण त्या अर्ध्या तासात मला जे कळले ते फोटो पाहून कळले नसते. या कपड्याला परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. सगळा भार एका गाठीवर. ती गाठ नीट बसली की माणूस मांडी घालू शकतो, उकिडवा बसू शकतो, पळूही शकतो. आजी सांगत होती, रोवणीच्या दिवसांत हेच लुगडे वर खोचून ती गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून परहे लावायची आणि पदर जागचा हलायचा नाही. समोरच्या ओच्यात सुपारी, चार पैसे, कधी वाटेत वेचलेली भाजी. माझ्या मुलीच्या लेगिंग्जला एक खिसा नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आले.

जाडीचा प्रश्नही आजीनेच सोडवला, आणि तो गणिताने नाही. "लहानपणी आमाले चिरडी नेसवत," ती म्हणाली. "तिले कुठचे नऊ वार? अंग लहान तं कापड लहान, निऱ्या बी कमी." लहान मुलींच्या छोट्या लुगड्याला चिरडी म्हणत, हे मी वाचले होते, पण आपल्या आजीने ती नेसलेली आहे हे कधी डोक्यातच आले नव्हते. लहान अंगासाठी लुगडे कसे आखडते घ्यायचे, याचे उत्तर आमच्याच घरात, दहा फुटांवर झोपून होते.

कापडही तिनेच निवडले. नवे नको, जुनेर हवे. धुऊन धुऊन विरलेले, मऊ झालेले लुगडे नव्यापेक्षा पातळ असते आणि अंगाला चिकटून पडते. पेटीतल्या एका नागपुरी लुगड्याला मध्ये फाटलेले होते, ते तिने दिले. आमच्याकडे लुगडी नागपूर-भंडाऱ्याकडचीच. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली; नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कारभाराची भाषा हिंदी झाली, शाळा हिंदी झाली. आजीचे नेसणे मात्र तसेच राहिले.

लुगडे कात्रीने न कापता धाग्यावरून फाडले, म्हणजे कड सरळ राहते. काठ दोन इंचांचा होता. बाहुलीला तो फारच रुंद झाला असता. म्हणून काठच मधून उभा फाडून आतली अर्ध्या बोटाची पट्टी तेवढी राखली. लांबी एक वार, निऱ्या पाच. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कमरेवर गाठ घसरत होती. त्यावर आजीच्या औषधांच्या डब्यातली गॉजची पट्टी एक वेढा दिली. निऱ्या भाताच्या पेजेत बुडवून, दोऱ्याने बांधून रात्रभर वाळवल्या. आमच्या भागातला चिन्नोर तांदूळ २०२१ पासून भौगोलिक मानांकनाचा धनी आहे. त्याची पेज बाहुलीच्या लुगड्याला खळ म्हणून लागेल असे मानांकन देणाऱ्यांना वाटले नसेल.

पोरखेळ नाही

काकूंनी ही बातमी गल्लीभर केली. पस्तिशीचा, दाढीवाला इंजिनिअर दुपारी लुगडे नेसतो आणि रात्री बाहुल्यांचे ब्लाउज शिवतो, यावर चेष्टा झाली नसती तरच नवल. थोडा ओशाळलो, खरे सांगतो. म्हणून बाहुल्यांच्या कपड्यांकडे लोक कसे पाहत आले आहेत, ते शोधत बसलो.

आपल्या राज्यातच झाबुआ आहे. तिथे कापड आणि कापूस भरून बाहुल्या करतात आणि त्यांना भिल्लांचा पोशाख घालतात. घाघरा, ओढणी, पागोटे, दागिने, पुरुषाच्या हातात धनुष्यबाण. या कामासाठी रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये बाहुल्यांचे संग्रहालय उघडले. त्याची सुरुवात हंगेरीच्या राजदूतांनी भेट दिलेल्या एका बाहुलीपासून झाली. पुढे तिथेच कार्यशाळा काढून भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख केलेल्या बाहुल्या बनवायला सुरुवात झाली. त्या परदेशी बाहुल्यांच्या बदल्यात पाठवत.

पॅरिसची गोष्ट तर मी मुलीला दोनदा सांगितली. दुसरे महायुद्ध संपत आले होते. कापडाचा तुटवडा, पैसे नाहीत, मोठे प्रदर्शन भरवणे अशक्य. तेव्हा १९४५ मध्ये तिथल्या नामांकित शिवणगृहांनी सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या, तारेच्या दोनशेहून अधिक बाहुल्यांवर आपले नवे कपडे चढवले आणि लोकांना दाखवले. छोटे कपडे, पण शिवण खरी, बटणे खरी. जमलेले पैसे युद्धग्रस्तांच्या मदतीला गेले. त्या बाहुल्या आज अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. कापड कमी होते म्हणून बाहुल्या. आमच्याकडे आजीला नेसता येत नव्हते म्हणून बाहुली. एवढे सापडल्यावर मी ओशाळणे सोडून दिले.

१९५९ मध्ये आलेल्या बार्बीने पुढे सगळे बदलले. बाहुली एक, कपडे अनेक, आणि ते विकत मिळणारे. त्याआधी आपल्याकडे लाकडी ठकीच्या अंगावर कपडे रंगवलेलेच असत. चिंध्यांच्या बाहुलीला जे काही नेसवायचे ते घरच्या जुनेरातूनच निघे. माझी आई म्हणते, तिची बाहुली घरातल्या प्रत्येक बाईच्या साडीची मालकीण होती.

चार पिढ्या, एक नवरदेव

आईच्या बाहुलीला सहावारी साडी आणि ब्लाउज. कटंगीहून बालाघाटला जाणाऱ्या रेल्वेवर वारासिवनी लागते. तिथल्या हातमागाच्या साड्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आईकडे तिथली एक जुनी साडी होती, तिच्या उरलेल्या तुकड्यातून बाहुलीची निघाली. इथे नेसण्यापेक्षा ब्लाउजने घाम काढला. बाही आधी गोल शिवून मग खांद्याला जोडायला गेलो, तर माझे बोटच आत जाईना. आईने सांगितले, बाही सपाट असतानाच खांद्याला जोड, आणि मग मनगटापासून कमरेपर्यंत एकच शिवण मार. दोन मिनिटांत झाले.

बायकोच्या बाहुलीला सलवार-कमीज. मुलीच्या बाहुलीला तिच्या हुकमावरून जीन्स. खरे डेनिम या मापात बाहुलीच्या पायांवर पत्र्यासारखे उभे राहते. माझा जुना निळा सुती शर्ट फाडला आणि नारिंगी दोऱ्याने शिवण उठवली. लांबून कोणाला फरक कळत नाही. खिसे मात्र खरे लावले, दोन पुढे आणि दोन मागे. मुलीने एका खिशात तांदळाचा दाणा ठेवून खात्री करून घेतली.

नवरदेवासाठी आजीने जुनी बाराबंदी आणि पागोटे मागितले. बाराबंदीला बारा बंद असतात. एवढ्याशा अंगरख्यावर सहा बंद लावतानाच दोन सुया मोडल्या आणि मी तिथेच थांबलो. मुलीने मोजले आणि जाहीर केले, "ही बाराबंदी नाही, सहाबंदी आहे." घरात आता तिचे तेच नाव पडले आहे.

कोणाला घरी करून पाहायचे असेल, तर माझ्या चुकांतून शिकलेले थोडे सांगतो. कापड मलमल, व्हॉइल किंवा विरलेले सुती घ्या. सिंथेटिक निऱ्या धरत नाही आणि फुगते. बारीक सुई लावा, टाका लहान ठेवा. माया अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त नको. कापायच्या आधीच कडेवर पाणी घातलेला फेव्हिकॉल बोटाने लावून वाळू द्या, दोरे निघत नाहीत. वेल्क्रो जाड दिसते. लहान टिचबटण बरे. फुलांचे छापील कापड घेताना फूल बाहुलीच्या डोक्याएवढे तर नाही ना, ते बघा. आणि मुलांना सुई द्यायच्या आधी नेसवायला द्या.

सुटते, मग पुन्हा नेसायचे

लग्नाच्या आदल्या दिवशी मला काळजी लागली. आजीच्या बाहुलीचे लुगडे मुलांच्या हातात दहा मिनिटेही टिकणार नव्हते. मी सुईदोरा घेऊन बसलो, म्हटले कमरेशी आणि कासोट्याला चार टाके घालून पक्के करून टाकू. चार महिन्यांची मेहनत, तसेच कपाटात काचेमागे ठेवता येईल. आजी तोपर्यंत वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत येऊ लागली होती. तिने माझ्या हातातली सुई पाहिली.

"टाके कायले?"

"सुटेल ना आजी."

"सुटन तं सुटन. नेसलेलं सुटतेच. मंग पुन्हा नेसायचं."

मी सुई ठेवून दिली. रात्री बराच वेळ त्यावर विचार करत होतो. आईचा ब्लाउज, बायकोची कमीज, सहाबंदीसुद्धा, हे सगळे पेटीत घालून ठेवले तर पन्नास वर्षांनी कोणी काढून बाहुलीला घालू शकेल. लुगड्याचे तसे नाही. ते घडी करून ठेवले की नुसते कापड उरते. आजीच्या पेटीत अशी अकरा लुगडी आहेत. घरात ती नेसता येणारी माणसे त्या दिवशी दोन होती. एक पलंगावर, आणि दुसरा मी, तोही बाहुलीपुरता. मी टाके घातले असते, तर बाहुली सुंदर दिसली असती आणि कोणाला काही शिकावे लागले नसते.

लग्न थाटात लागले. अंगणात पाटावर मांडव, अक्षता, गल्लीतली पंधरा मुले. आजी खुर्चीत बसून होती, गाऊनमध्येच. पण त्या सकाळी तिने आईकडून एक लुगडे मागून घेतले, चौघडी करून खांद्यावर टाकले आणि एक टोक डोक्यावर घेतले. पाहुणे आले तेव्हा तिने चादर मागितली नाही.

अपेक्षेप्रमाणे मंगलाष्टके संपायच्या आत बाहुलीचे लुगडे सुटले. मुलीने मला हाक मारली नाही. ती बाहुली घेऊन थेट मोठ्या आजीच्या खुर्चीजवळ खाली जाऊन बसली. पहिल्या वेळी निऱ्या उलट्या पडल्या. दुसऱ्या वेळी कासोटा एका पायाला गुंडाळला गेला. आजीचे हात थरथरतात, त्यामुळे ती कापडाला हात लावत नव्हती. नुसती बोलत होती. आणि या वेळी तिला शब्द सापडत होते, बहुधा माझ्यावर तालीम झाली होती म्हणून.

तिसऱ्या वेळी गाठ बसली. आजीने बाहुली हातात घेतली, उलटी करून मागून पाहिली, पदर थोडा पुढे ओढला आणि परत दिली. म्हणाली, "आता सोड, आन पुन्हा नेसव."

मी आता नागपूरला परतलो आहे. चारही बाहुल्या मुलीच्या टेबलावर असतात. तिघींचे कपडे जसेच्या तसे आहेत. चौथीचे लुगडे दर दोन दिवसांनी सुटते, आणि रविवारी संध्याकाळी कटंगीला व्हिडिओ कॉल लागतो तेव्हा ते कसे नेसवले आहे याची मागून, पुढून तपासणी होते. मागच्या रविवारी कासोट्याला पास मिळाले. पदर अजून आजीच्या मनासारखा नाही.